थंडीत छोटी वाईनरी कशी चालवायची: नाशिकच्या हिशोबाने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी

युट्यूबवर फ्रान्स-इटलीचे व्हिडिओ बघितले की वाटतं थंडी म्हणजे वाईनरीत निवांत. वेली झोपलेल्या, मालक कात्री घेऊन छाटणी करतोय, आत बॅरल गुपचूप पडलेत. आपल्याकडे पार उलटं. आपली खरड छाटणी (नवीन काड्या वाढवायला) एप्रिलमध्ये, गोडी छाटणी (फळ धरायला) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे वाईनची द्राक्षं तोडायला येतात ती जानेवारी ते मार्च. म्हणजे थंडीत गेल्या वर्षीची रेड अजून टाकीत बसलेली, नवीन माल बागेत तयार होतोय, आणि मुंबई-पुण्याची पब्लिक पण ह्याच दिवसांत येणार. सगळं एकदम. आणि माणसं किती, तर चार-पाच.

खाली जे लिहितोय ते साधारण २० टन द्राक्षं घेणाऱ्या वाईनरीचा विचार करून. दिंडोरी, निफाड, विंचूर, गंगापूर धरणाच्या बाजूला असे छोटे युनिट बरेच आहेत. मोठ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडे टाक्याही जास्त आणि माणसंही.

आधी टाक्यांचा हिशोब, बाकी सगळं नंतर

माझं स्पष्ट मत आहे की छोट्या वाईनरीचा सीझन द्राक्षं नाही, रिकामी टाकी ठरवते. माल दारात उभा आणि टाकीत अजून गेल्या वर्षीची शिराझ (रेड वाईनची एक जात), ही वेळ आली की मग काहीही केलं तरी नुकसानच. म्हणून दिवाळी झाली की पहिलं काम, एक मोठा कागद भिंतीवर लावा आणि प्रत्येक टाकीसमोर लिहा: किती लिटर, आत्ता आत काय, रिकामी कधी होणार, नंतर आत काय जाणार.

आकडे असे धरा. एक टन द्राक्षांतून सरासरी ६०० ते ७०० लिटर वाईन. समजा १२ टन व्हाइट आणि ८ टन रेड घेताय. व्हाइटची झाली साधारण ७८०० लिटर, फेस वर येतो म्हणून टाकी दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवायची, म्हणजे ९००० लिटर जागा हवी, आणि ही जागा एकदा भरली की बॉटलिंगपर्यंत अडकली. रेडचं तसं नाही. रेड सालीसकट फर्मेंट होते, साली वर ढकलल्या जातात म्हणून टाकी पाऊण भागच भरायची, पण आठ-बारा दिवसांत प्रेस केली की तीच टाकी परत मोकळी. म्हणजे ८ टन एकदम आणले तर १०,००० लिटरची सोय लागते आणि ४-४ टन दोन हप्त्यांत आणले तर ५००० मध्ये भागतं. मात्र प्रेस केलेली वाईन कुठे ठेवणार ते पण त्याच कागदावर लिहा, बॅरल की दुसरी टाकी. हे विसरलं जातं.

ह्या कागदावरूनच शेतकऱ्यांना तारखा द्यायच्या. अंदाजे का होईना, पण द्यायच्या.

गेल्या वर्षीची वाईन डिसेंबरच्या मध्यापर्यंत बाटलीत

नोव्हेंबरमध्ये प्रत्येक टाकीचं आणि बॅरलचं सॅम्पल काढून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वर म्हणजे आंबटपणा कमी) आणि फ्री सल्फर (वाईन टिकावी म्हणून घातलेल्या सल्फर डायऑक्साईडपैकी मोकळा राहिलेला भाग) बघा. आपल्याकडच्या रेडचा पीएच वरच असतो आणि पीएच वर असला की सल्फरचा जोर कमी पडतो. ढोबळ हिशोब सांगतो: पीएच ३.४ असेल तर फ्री सल्फर २० पीपीएमला भागतं, ३.६ ला ३० च्या पुढे लागतं, ३.८ ला जवळपास ५०. म्हणून "आम्ही सगळ्याला ३० ठेवतो" असं कोणी म्हणालं तर त्याला आधी पीएच विचारा.

बॅरल असतील तर डिसेंबरची हवा कोरडी, बॅरलमधून वाईन उडते, २२५ लिटरच्या बॅरलमध्ये दोन-तीन आठवड्यात वर मोकळी जागा दिसायला लागते. तेवढी त्याच वाईनने भरून काढायची, पाण्याने नाही (हसू नका, लोक करतात). त्यासाठी काचेच्या छोट्या जारमध्ये काठोकाठ भरून थोडी वाईन बाजूला ठेवलेली असावी.

मग कोल्ड स्टॅबिलायझेशन. बाटलीत तळाला काचेसारखे खडे दिसतात ते टार्टरेटचे असतात, शरीराला काही करत नाहीत पण गिऱ्हाईक काच आहे म्हणून फोन करतं. ते आधीच टाकीत बसवायचे असतील तर वाईन उणे ३-४ डिग्रीला दहा-पंधरा दिवस ठेवायची. नाशिकची थंडी कितीही कडक वाटली तरी तेवढ्याने होत नाही, चिलर लागतोच, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चिलर मोकळा असतो आणि बाहेरची रात्र १० डिग्रीच्या आसपास, त्यामुळे वीज कमी खातो. हेच काम एप्रिलमध्ये करून बघा आणि बिल बघा. लवकर व्हायला हवं असेल तर लिटरला ४ ग्रॅम बारीक क्रीम ऑफ टार्टर टाकून रोज ढवळा, खडे त्याला धरून पटकन बसतात. झालं की नाही ते बघायला फिल्टर केलेलं सॅम्पल तीन दिवस उणे ४ ला ठेवा, खडे दिसले नाहीत तर पुढे जा. गार आहे तोवरच गाळावरून काढून फिल्टर करायची, गरम झाली की खडे परत विरघळतात.

बॉटलिंगला एक थंडीतली खास गोष्ट. स्टॅबिलायझेशनहून आलेली गार वाईन तशीच बाटलीत भरू नका. एक तर गार वाईनमध्ये ऑक्सिजन जास्त विरघळतो, दुसरं म्हणजे दुपारी ती तापून फुगते आणि कॉर्क वर ढकलते, आणि बाटलीला बाहेरून घाम येऊन लेबल सरकतं ते वेगळंच. २० डिग्रीच्या जवळ येऊ द्या, सकाळी आठला घाई न करता अकराला लाईन सुरू करा. शेवटचा फिल्टर ०.४५ मायक्रॉनचा. कॉर्क मारल्यावर बाटल्या एक दिवस उभ्या, मग आडव्या. ५००० लिटर म्हणजे साडेसहा हजारावर बाटल्या होतात, बाटल्या-कॉर्क-कार्टनची ऑर्डर ऑक्टोबरातच गेलेली हवी, आणि लेबलची मंजुरी उत्पादन शुल्क विभागाकडून आधी हातात असल्याशिवाय छापायला टाकू नका. रजिस्टरमध्ये एंट्री त्याच दिवशी. नंतर आठवून लिहू म्हटलं की आकडे जुळत नाहीत.

बाग: माल दुसऱ्याचा असला तरी चक्कर तुमची

छोट्या वाईनऱ्या बहुतेक माल शेतकऱ्यांकडून घेतात, आणि इथे एक अडचण आहे जी सरळ बोलायला हवी. पैसे किलोवर मिळणार असतील तर तोडणीआधी शेतकरी पाणी का कमी करेल? पाणी तोडलं की मणी लहान राहतो, साखर आणि चव भरते, पण वजन घटतं. त्याच्या जागी मी असतो तर मीपण ड्रिप चालूच ठेवला असता. म्हणून रेट ठरवताना ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं माप) बोनस ठेवा किंवा एकराच्या हिशोबाने बोला, आणि हे बोलणं छाटणीच्या वेळी करा. माल तयार झाल्यावर बोलाल तर त्याला घासाघीस म्हणतात.

डिसेंबरात मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ होऊन रेडमध्ये रंग चढायला लागला, की आठवड्यातून एकदा बागेत जायचंच. काय बघायचं? घडाजवळची पानं काढायची असतील तर फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची, दुपारच्या बाजूची ठेवा, नाहीतर फेब्रुवारीच्या उन्हात मणी भाजतात. पहाटेचं धुकं आणि दव दोन-तीन दिवस टिकलं की पानं उलटी करून भुरी-डाऊनी हे बुरशीचे रोग बघा. पोपट-बुलबुल-साळुंक्यांना गोडी आपल्याआधी कळते, जाळी आधीच टाकलेली बरी. आणि अवकाळी. डिसेंबर-जानेवारीत एक पाऊस पडला की मणी तडकतात, तडकलेल्या मण्यातून घड सडतो, मग दुसऱ्या दिवशी जाऊन खराब घड कापून टाकायचे, चांगल्यात मिसळून "बघू" म्हणायचं नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामान आणि फवारणीचा सल्ला नियमित येतो, तो तुम्हीपण वाचा, फक्त शेतकऱ्यावर सोडू नका.

फवारणीची वही मागून घ्या. औषधाच्या लेबलवर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळलंय ना ते बघा. गंधकाची फवारणी तर निदान महिनाभर आधी बंद, कारण मण्यावर राहिलेलं गंधक टाकीत यीस्टच्या हाती लागलं की सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो काढता काढता वाईनचा बाकीचा वासपण जातो.

सॅम्पलिंग नीट करा, ह्यात आळस नको

ब्रिक्स १६-१७ झाला की सुरू करायचं, आधी आठवड्याला, मग दर दोन-तीन दिवसांनी. पद्धत अशी. बांधाकडच्या ओळी आणि ओळीची पहिली-शेवटची वेल सोडून द्या. झिगझॅग चालत १०० ते २०० मणी घ्या, एका घडातून एक-दोनच, कधी वरचा, कधी मधला, कधी टोकाचा, आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी. बघून छान-छान मणी तोडले जातात, सगळ्यांचं होतं, म्हणून हात पुढे करताना घडाकडे बघूच नका. दर वेळी सकाळची साधारण तीच वेळ. झिपच्या पिशवीत हाताने कुस्करा, रस गाळा, रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड वॉटरने झिरो करून ब्रिक्स घ्या, पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावून घ्या, आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) पीएच ८.२ पर्यंत टायट्रेट करून ॲसिड काढा.

साधारण कधी तोडायचं: स्पार्कलिंगच्या (फेसाळ वाईनच्या) बेससाठी १७ ते १९ ब्रिक्स, व्हाइटमध्ये चेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां २० ते २२, रेडमध्ये शिराझ-कॅबरने २३ ते २५. पण ब्रिक्सच्या मागे धावू नका. निफाडकडे पारा ५-६ डिग्रीवर येतो त्या दिवसांत साखर हळू चढते आणि ॲसिड टिकतं, सगळे कंटाळतात, "अजून झालंच नाही" म्हणतात, आणि फेब्रुवारीत ऊन चढलं की आठवड्यात सगळं पळतं, साखर वर आणि ॲसिड खाली. व्हाइटचा पीएच ३.४ च्या पुढे निघाला तर ब्रिक्स अर्धा-एक कमी असला तरी मी तोडणी लावतो. रेडमध्ये बी चावून बघा, हिरवं आणि तुरट असेल तर थांबा, तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर चला.

मशिनची ट्रायल

हे काम तोडणीच्या पंधरा दिवस आधी. टाक्या, पाईप, पंप, डिस्टेमर (मणी देठापासून सोडवणारं मशिन), प्रेस सगळं १-२ टक्के गरम कॉस्टिकने, मग पाणी, मग १ टक्का सायट्रिक, मग परत पाणी. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कॉस्टिक डोळ्यात गेलं तर चेष्टा नाही. ब्लीचिंग पावडर किंवा हायपो वाईनरीत आणूच नका, क्लोरीनमुळे स्टील खराब होतं आणि लाकूड-कॉर्कमधून जो कुबट वास लागतो तो नंतर जात नाही. प्रेसचा पडदा हवा भरून तपासा, टाकीच्या दाराचे गॅस्केट बदला, जनरेटर लोडवर चालवून बघा. आणि एका टाकीत पाणी भरून चिलरने खरंच १२ डिग्रीला आणून दाखवा. नुसता चालू होतोय म्हणजे चालतोय असं नाही.

तोडणीचा दिवस

थंडीचा खरा फायदा इथे आहे आणि तो फुकट आहे. पहाटे चार-पाचला हेडटॉर्च लावून सुरू केलं तर द्राक्षं १०-१२ डिग्रीला हातात येतात, तीच दुपारी १२ ला तोडली तर २५ च्या पुढे, मग तो सगळा माल गार करायला चिलर दिवसभर ओरडतो आणि तोवर रसाला रंग चढून सुवास गेलेला असतो. नऊपर्यंत गाडी वाईनरीत हवी. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात, मुकादमाशी आदल्या आठवड्यात बोलून ठेवा कारण खाण्याच्या द्राक्षांचा सीझनही तेव्हाच असतो आणि एक्सपोर्टवाले रेट जास्त देतात. पहाटे शेकोटी, चहा आणि नाश्त्याची सोय करा, थंडीने बोटं आखडलेली असताना कात्री चालत नाही. क्रेट काठोकाठ भरायचा नाही, खालचे घड दबून रस सुटतो.

माल आला की वजन, ब्रिक्स, खराब घड बाजूला. केएमएसचा (पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, सल्फर द्यायची पावडर) हिशोब असा: केएमएसमध्ये साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साईड असतं, म्हणून टनाला ५० पीपीएम द्यायचं तर ८७ ग्रॅमच्या आसपास, पाण्यात विरघळवून. माल सडका असेल तर जास्त.

व्हाइट: डिस्टेमर, प्रेस हळू हळू, सुरुवातीचा रस वेगळा आणि जोर लावून काढलेला वेगळा. रस नितळ करणारं पेक्टिनेज एन्झाइम टाकून १०-१२ डिग्रीला १८ ते २४ तास बसू द्या, वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत. ॲसिड कमी असेल तर टार्टरिक आत्ताच टाका, लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ उतरतो. आता यीस्ट, १०० लिटरला २०-२५ ग्रॅम. दहापट पाण्यात, ३५ ते ४० डिग्री, १५-२० मिनिटं. ह्यानंतरची चूक फक्त थंडीत होते: यीस्ट ३५ ला आणि रस १२ ला, सरळ ओतलं की निम्मं यीस्ट धक्क्याने मरतं आणि मग चार दिवस काहीच होत नाही. रस १५ पर्यंत येऊ द्या, आणि यीस्टमध्ये थोडा थोडा रस घालत तापमान उतरवत आणा, फरक १० डिग्रीच्या आत आला की मगच टाकीत. पुढे १४-१६ डिग्रीला दोन-तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ डेन्सिटी आणि तापमान वहीत. रसात नायट्रोजन कमी असेल तर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टचं खाद्य), पण फूड ग्रेडचा, खताच्या दुकानातला नव्हे.

रेड: सालीसकट टाकीत, २४ ते २८ डिग्री, दिवसातून दोन-तीनदा साली खाली दाबायच्या किंवा खालून रस काढून वर फिरवायचा. प्रेस झाल्यावर मॅलोलॅक्टिकला (जिवाणू वाईनचा कडक आंबटपणा मऊ करतात ते दुसरं फर्मेंटेशन) १८-२२ डिग्री लागतात, पत्र्याच्या शेडमध्ये रात्री टाकी गार पडून ते मध्येच थांबतं, म्हणून त्या टाकीला गोणपाट-थर्माकोल काहीतरी गुंडाळा.

आणि हे ठळक अक्षरात भिंतीवर लावा: टाकीत एकट्याने उतरायचं नाही. एक लिटर रस फर्मेंट होताना ४०-५० लिटर कार्बन डायऑक्साईड सोडतो, तो जड असतो, रंग नाही, खाली साचून राहतो. थंडी म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवायची सवय असते, फर्मेंटेशन चालू असेपर्यंत खालच्या बाजूचा एक्झॉस्ट फॅन चालूच. रिकामी दिसणारी टाकीपण आधी फॅनने हवा मारून, मीटरने तपासून, बाहेर माणूस उभा असेल तरच.

पाहुणे

सुलाने २००० साली पहिली वाईन बाजारात आणली आणि नंतर नाशिकला वीकेंडला वाईनरी बघायला जायचं हे मुंबईकरांच्या डोक्यात बसलं, त्याचा फायदा छोट्यांनाही होतो. पण तोडणीच्या दिवशी पाहुणे आणि फोर्कलिफ्ट एकाच दारातून नकोत. शनिवार-रविवार तोडणी लावूच नका, शक्य असेल तर. बुकिंगवर १२-१५ जणांचा ग्रुप, टाक्यांकडे पिवळ्या पट्टीच्या बाहेरूनच. टेस्टिंगला ३० मिलीचा पोर धरला तर ७५० च्या बाटलीत २५ जण होतात, त्यावरून तिकीट ठरवा. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१, आयडी बघायला लाजू नका. २६ आणि ३० जानेवारी ड्राय डे, त्या दिवशी बागेची चक्कर आणि द्राक्षाचा रस एवढंच द्या आणि बुकिंग घेतानाच तसं सांगा. २६ ला सुट्टी असते म्हणून फोन सगळ्यात जास्त त्याच दिवसासाठी येतात.

पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम सगळ्यांना हवा असतो. करा, पण त्यासाठी बाजूला काढलेला कमी प्रतीचा माल वापरा, तो रस वाईनमध्ये जाणार नाही हे लोकांना सांगा, पाय आधी आणि नंतर धुवायला नळ जवळ ठेवा. दुपारी गांधीलमाश्या येतात, म्हणून हा कार्यक्रम सकाळी दहाच्या आत उरका. त्या वेळेला पाणी गार असतं, पोरं किंचाळतात, फोटो चांगले येतात.

चोथा त्याच दिवशी उचलायचा. टनाला दीड-दोनशे किलो तरी निघतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चिलटं बसतात, तीच चिलटं मग उघड्या टाकीत वाईनचा व्हिनेगर करायला येतात. शेणात मिसळून खड्ड्यात घाला, वर माती, आणि खड्डा टेस्टिंग रूमच्या वाऱ्याच्या दिशेला नको.